कच्च्या मडक्याचा न्याय

वाचक माउली, आज एका प्रश्नाचा विचार आपण मिळून करू. प्रश्न संगणकाच्या कंपनीतला आहे, पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

आपल्या घराघरांतली मुले-मुली आज सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. हिंजवडी, खराडी ही नावे मराठवाड्यातल्या वाडीवरच्या आजीलाही पाठ झाली आहेत. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते तेव्हा यांतलीच कितीतरी मुले ‘आयटी दिंडी’ म्हणून त्या वाटेला लागतात. अशा एखाद्या माळकरी मुलाला पाच-सात वर्षांनी टीमचा प्रमुख करतात. मग त्याच्यापुढे हा पेच उभा राहतो. आठ जणांच्या टीममध्ये एक जण मागे पडतो आहे. दिलेले काम वेळेत होत नाही, झाले तर चुकांनी भरलेले असते. वर्ष संपताना प्रत्येकाच्या कामावर शेरा लिहायचा असतो. सर्वांभूती पांडुरंग पाहायला शिकलेल्याने ‘हा अपेक्षेला उतरला नाही’ असे लिहावे कसे? आणि न लिहावे, तर उरलेल्या सात जणांशी तो कोणत्या तोंडाने बोलेल?

प्रश्न नाजूक आहे, कारण त्याच्या दोन्ही टोकांना माणसेच आहेत. एकीकडे मागे पडलेला. त्याच्या घराचा हप्ता चालू असेल, गावाकडे आई-वडील त्याच्या पगारावर असतील. दुसरीकडे त्याचे सोबती, ज्यांच्या रात्री त्याच्या चुका निस्तरण्यात जातात.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सॉफ्टवेअर एकट्याने लिहिले जात नाही. साधारण दोन आठवड्यांचे काम टीम आपापसांत वाटून घेते. रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्या उभ्या बैठक होते. काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले, हे प्रत्येक जण सांगतो. एकाने लिहिलेला कोड दुसरा वाचून तपासतो, मगच तो पुढे जातो. आणि चालू असलेली यंत्रणा रात्री-बेरात्री बंद पडली तर फोन कुणी घ्यायचा, याच्या पाळ्या लावलेल्या असतात.

आता आपल्या गावचा हरिनाम सप्ताह आठवा. सात दिवस वीणा अखंड उभी. ती जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पहाऱ्यांची यादी मंडपात लावलेली असते. रात्री दोनचा पहारेकरी आला नाही तर काय होते? बाराला उभा राहिलेला माणूस उभाच राहतो. तो बोलत नाही, पण त्याचे पाय बोलतात. एक रात्र कुणीही सहन करील. रोजच तसे होऊ लागले तर चौथ्या दिवशी तो भला माणूसही मनातून वैतागतो, आणि त्याच्या मुखातल्या नामात तो वैताग उतरतो. टीमचेही असेच आहे. एकाचा न झालेला पहारा हवेत विरत नाही, तो दुसऱ्याच्या पायांवर येतो.

अशा वेळी प्रमुखासमोर दोन सोप्या वाटा असतात. पहिली, मुकाट्याने ओझे वाहण्याची. त्याला सोपे काम द्यायचे, अवघड दुसऱ्याकडे वळवायचे, त्याच्या चुका रात्री आपणच दुरुस्त करायच्या आणि त्याला कळूही द्यायचे नाही. दुसरी, मुकाट्याने दूर करण्याची. बैठकांना बोलवायचे नाही, महत्त्वाचे काम द्यायचे नाही, तोंडावर ‘ठीक चालले आहे’ म्हणायचे आणि योग्य वेळी वर नाव कळवून मोकळे व्हायचे.

पहिली वाट दयेची वाटते आणि दुसरी व्यवहाराची. पण नीट पाहिले तर दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे, त्या माणसाशी कुणी खरे बोललेले नाही. दुसऱ्या वाटेचा क्रूरपणा लगेच दिसतो. पहिलीचा दिसायला वेळ लागतो. दोन वर्षे ज्याचे झाकले गेले, तो आपले बरे चालले आहे असे समजून घर घेतो, कर्ज काढतो. मग एखाद्या वर्षी कंपनीला माणसे कमी करायची असतात, यादी निघते, आणि आपले काम कमी पडत होते हे त्याला पहिल्यांदा नोकरी जाताना कळते. ज्याने झाकले त्याने दोन वर्षे त्याची सुधारण्याची संधी स्वतःजवळ दडवून ठेवली, असेच म्हणावे लागेल. या झाकण्याला आपण दया म्हणतो खरे. पण त्यात अवघड बोलणे टाळण्याची आपली सोय किती होती, हे ज्याने त्याने तपासावे.

मग करायचे काय? इथे आपल्याला गोरोबाकाकांच्या घरी जायचे आहे.

गोष्ट आपण शंभर वेळा ऐकली आहे. संतमंडळी जमलेली. मुक्ताईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आमचीही परीक्षा करा, असे मुक्ताई म्हणाल्या. काका थापटणे घेऊन निघाले आणि एकेकाच्या मस्तकावर मारू लागले. सगळे शांत राहिले. नामदेवराय मात्र दुखावले, आणि काकांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे. पुढे नामदेवराय पंढरीला देवाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि औंढ्या नागनाथाच्या देवळात त्यांना गुरू भेटले, असे परंपरा सांगते.

कीर्तनात ही गोष्ट सद्गुरूवाचून ज्ञान नाही, या सिद्धान्तासाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण जो मागे राहिला त्याच्याशी कसे वागावे, याचाही पाठ तिच्यात आहे. तो चार अंगांनी पाहू.

पहिले अंग. थापटणे एकट्या नामदेवांच्या डोक्यावर पडले नाही. सर्वांच्या पडले. परीक्षा सुरू होताना कोण कच्चा ठरणार, हे आधी ठरलेले नव्हते. टीममध्ये बहुधा उलटे होते. एकाचे नाव मनात पक्के होते आणि मग पुरावे गोळा केले जातात. म्हणून प्रमुखाने पहिला ठोका आपल्या डोक्यावर आणि दुसरा कामाच्या रीतीवर मारावा.

एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आपल्या शिबिरांत लाल मण्यांचा एक प्रयोग करून दाखवत. एका पेटीत पांढरे आणि लाल मणी मिसळलेले, शंभरात वीस लाल. कामगार म्हणून उभ्या केलेल्या माणसांना ५० खळगे असलेली पट्टी देत आणि पेटीत बुडवून मणी काढायला सांगत. लाल मणी म्हणजे चूक. ज्याच्या पट्टीत लाल कमी त्याची पाठ थोपटायची, ज्याच्या जास्त त्याला खडसावायचे. पुढच्या फेरीत शाबासकी मिळालेल्याचेच लाल मणी वाढत. पाहणाऱ्याला हसू येई, कारण लाल मणी पेटीतच होते; काढणाऱ्याच्या हातात काही नव्हते. बहुतेक दोष कामाच्या व्यवस्थेत असतात आणि शिक्षा मात्र माणसाला होते, हे डेमिंग यांना दाखवायचे होते.

सॉफ्टवेअरमध्ये अशी पेटी जागोजागी असते. काय हवे ते ग्राहकालाच ठरवता आलेले नसते आणि बदलाचा भार एकावरच पडतो. दहा वर्षांचा जुना, कुणी नीट समजावून न लिहिलेला कोड एकाच्याच वाट्याला येतो. कुणी काम रेंगाळल्यावर घाईघाईने भरती झालेला असतो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या मोठ्या कामाच्या अनुभवावरून १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतोच, असे त्यात त्यांनी मांडले. कारण नव्याला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसे वाढली की आपसांतली बोलणीही वाढतात. अशा वेळी आलेला नवा माणूस मंद दिसतो, पण तो मंद असेलच असे नाही. त्याला कुणी वाट दाखवलेली नसते.

आणि घरचे दुखणेही असते. रोज वेळेवर येणारा मुलगा अचानक मागे पडू लागला, तर आई रुग्णालयात आहे का, लेकरू आजारी आहे का, हे शेरा लिहिण्याआधी विचारावे. दिंडीत कुणी लंगडू लागला की आपण आधी त्याच्या पायाकडे पाहतो. काटा काढल्यावर पुष्कळ जण पूर्वीसारखे चालू लागतात.

दुसरे अंग. काकांनी जे सांगितले ते नामदेवांच्या तोंडावर सांगितले. मागे कुजबूज केली नाही. आता कुणी म्हणेल, काकांनी चारचौघांत सांगितले, मग प्रमुखानेही सकाळच्या बैठकीत सर्वांसमोर सांगावे का? नाही. त्या मंडळींत कुणाची भाकरी दुसऱ्याच्या हातात नव्हती, आणि परीक्षा सर्वांची झाली होती. कंपनीत तसे नसते. जिथे एकाच्या शब्दावर दुसऱ्याचे पोट आहे, तिथे असे बोलणे दार लावूनच करावे.

बोलताना कामावर बोलावे, जातकुळीवर नको. ‘तुला जमतच नाही’ हे वाक्य माणसावर शिक्का मारते. त्यातून त्याला करण्यासारखे काही मिळत नाही. ‘या महिन्यात तुझे तीन बदल चाचणी न करता पुढे गेले, त्यातल्या एकामुळे ग्राहकाचे बिल चुकले, आणि ते दुरुस्त करायला दोघे रात्रभर बसले’ हे ऐकायला कठीण आहे, पण त्यात त्याला धरायला काही आहे. गोरोबाकाकांचा शब्दही पाहा. मडके कच्चे म्हणजे वाईट नाही. माती तीच, चाक तेच, घडवणारा हातही तोच. त्याला आव्यातली आच लागायची आहे, इतकेच. कच्चे म्हणताना पक्के होण्याची वाट कुंभाराला दिसत असते.

तिसरे अंग. कच्चे ठरवून कुणी नामदेवांना वाऱ्यावर सोडले नाही. विसोबांचा पत्ता मिळाला. कंपन्यांत ‘सुधारणा योजना’ नावाचा कागद असतो. दोन-तीन महिन्यांची मुदत आणि गाठायची उद्दिष्टे त्यात लिहिलेली असतात. कागद चांगला आहे. पण माणसाला काढायचे आधीच ठरलेले असते आणि कागद फक्त नोंदीसाठी केला जातो, असे अनेक ठिकाणी घडते. माउली, हे असत्य आहे, आणि माळ घातलेल्याने त्यावर सही करू नये. मुदत द्यायची तर ती मनापासून द्यावी. म्हणजे एक जाणता सोबती त्याच्या शेजारी बसवावा, दोघांनी एकाच पडद्यावर काम करावे, आठवड्याला एकदा ‘हे सुधारले, हे अजून नाही’ असे स्पष्ट सांगावे. आणि त्या जाणत्याचे इतर काम तेवढे कमी करावे. नाही तर विसोबांच्या डोक्यावरच दुसरे ओझे होते.

चौथे अंग सर्वांत अवघड. नामदेवराय शिकले आणि मंडळीत परतले. ज्ञानोबारायांबरोबर तीर्थयात्रेला गेले. माउलींच्या समाधीचा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो त्यांच्याच वाणीतून. पुढे पंजाबपर्यंत त्यांनी नाम नेले, आणि गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. कच्चे ठरलेले मडके एवढे पाणी वाहून गेले! परंतु प्रत्येक गोष्टीचा शेवट असा होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सारे करूनही एखाद्याला ते काम जमतच नाही.

इथे दिंडी आणि कंपनी यांतला भेद लपवू नये. वारीत कुणाला काढता येत नाही. सूर नसलेल्याच्या गळ्यात आपण वीणा देत नाही, पण त्याला टाळ देतो. टाळही धरवेना तर तो पताका घेतो, पाण्याची सोय पाहतो, तंबू ठोकतो. पंढरी सर्वांना सारखीच मिळते. कंपनी तशी नाही; तिथे कामाचे मोल पैशात होते आणि जागा मोजक्या असतात. तरी दिंडीची रीत तिथे अर्धी तरी चालवता येते. कोड लिहिण्यात कमी पडणारा माणूस चाचणीत बारकाईने चुका शोधणारा निघू शकतो, ग्राहकाशी बोलण्यात, कागदपत्रे नीट लिहिण्यात पुढे असू शकतो. वीणा उतरवण्याआधी टाळ देऊन पाहावा.

तेही जमले नाही तर निरोप द्यावा लागतो. त्यात पाप आहे का? मला वाटते, निरोपात नाही. तो कसा दिला यात असू शकते. त्याला आधीच कळलेले असावे, नवी नोकरी शोधायला वेळ मिळावा, त्याचे खरे गुण सांगणारे चार शब्द पुढच्या ठिकाणी सांगावेत, आणि तो गेल्यावर जेवणाच्या टेबलावर त्याची थट्टा होऊ देऊ नये. नोकरी गेली म्हणून ‘रामकृष्ण हरी’चे नाते तुटत नाही. महिन्याने फोन करून ‘कुठे जमले का?’ असे विचारायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

आता एक आक्षेप. कुणी तरुण म्हणेल, महाराज, आमच्याकडे सर्वच जण चांगले असले तरी काहींना खालच्या रांगेत बसवावेच लागते; वरून तसा हुकूम असतो. ही रीत खरोखर आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना दरवर्षी तळाचे दहा टक्के लोक वेगळे काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि पुष्कळांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ साली बंद केली. आपल्याकडे ‘बेल कर्व्ह’ हा शब्द यातूनच घरोघरी पोचला. आव्यातली सगळी मडकी पक्की निघाली असताना, दहातले एक फोडलेच पाहिजे असे कुठला कुंभार म्हणेल?

अशा वेळी प्रमुखाच्या हाती थोडेच असते, पण काहीच नसते असे नाही. ‘या टीममध्ये अपेक्षेखाली कुणी नाही’ हे तो वर लेखी सांगू शकतो. न ऐकल्यास, ज्याचे नाव खाली गेले त्याला ‘हा तुझ्या कामाचा निकाल नाही, या पद्धतीचा आहे’ हे खरे सांगू शकतो. खोटे दोष रचून शेरा सजवायला तो नकार देऊ शकतो. त्याची किंमत त्याला स्वतःच्या बढतीत मोजावी लागेल कदाचित. ती मोजायची की नाही, हे दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने ठरवू नये. पण किंमत आपण मोजणार की दुबळ्याकडून वसूल करणार, एवढा प्रश्न त्याने स्वतःला विचारावाच.

आणि हे वाचणाऱ्यांत एखादा असाही असेल, की ज्याला नुकतेच ‘तुझे मडके कच्चे’ असे सांगितले गेले आहे. माउली, तुमच्यासाठी नामदेवरायांचीच वाट आहे. त्यांनाही राग आला, अपमान वाटला, आणि ते देवाकडे गेले. देवाशी त्यांचे किती सख्य! तरीही देवाने त्यांची बाजू घेऊन काकांना दोष दिला नाही, शिकायला पाठवले. सांगणारा खोटे बोलत असेल तर शांतपणे तसे सांगा. पण खरे बोलत असेल, तर त्याने तुमचे भले केले आहे. विसोबांना शोधा. वय, हुद्दा, आधीची कीर्ती आड येऊ देऊ नका. नामदेवरायांनी ती येऊ दिली नाही. आणि कामात कमी पडलात म्हणून विठ्ठलाच्या दारी कमी ठरलात, असे क्षणभरही मानू नका. महाद्वारातली पहिली पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

शेवटी माउलींच्या सोहळ्यातली एक रीत सांगतो. मुक्कामाला समाजआरतीसाठी सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, समजूत घालतात, मगच आरती होते. गाऱ्हाणे दडपून आरती उरकायची नाही, आणि गाऱ्हाण्यापायी आरती मोडायचीही नाही.

तुमच्या टीममध्ये कुणाचा तरी टाळ असाच वाजत असेल. रात्री जागणाऱ्या सोबत्याचा असेल, नाही तर मागे पडलेल्याचाच असेल. वर्षअखेरीच्या शेऱ्याची वाट पाहू नका. या आठवड्यात त्याच्याकडे जा, शेजारी बसा, आधी ऐका आणि मग खरे ते सांगा. जो शब्द कागदावर लिहायचा आहे, तो त्याने तुमच्या तोंडून आधी ऐकलेला असू द्या.

रामकृष्ण हरी.